होळीचा चंद्र पाडव्यापर्यंत कुठं जातो?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गात ३२ मुलं आहेत, वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या धर्मांची. मार्च-एप्रिल आला की सणांची रांग लागते. होळी, पाडवा, ईद, नवरोज, ईस्टर, बैसाखी. प्रत्येक सणाचा वर्गात उपक्रम व्हावा आणि त्यातलं काहीतरी फलकावर लागावं, अशी शाळेची अपेक्षा असते. आदल्या रात्री मी कार्डशीट कापत बसते, दुसऱ्या दिवशी मुलं ते तुकडे चिकटवतात, फोटो निघतो. परीक्षा तोंडावर असताना तासिका वाया जातात म्हणून काही पालक नाराज, आमचा सण राहून गेला म्हणून काही नाराज. एका आईनं तर मुलीच्या वहीत लिहून पाठवलं, ‘दुसऱ्यांच्या सणाचं काही हिला करायला लावू नका.’ त्या दिवशी ती मुलगी मागच्या बाकावर एकटी गणितं सोडवत बसली. ते काही डोळ्यांपुढून जात नाही. कुठले सण ठेवू, कुठले गाळू? की सगळंच बंद करून सरळ अभ्यास घेऊ?

प्रिय बाई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या मागच्या बाकापाशी थांबले. तिच्याबद्दल पुढं बोलूच. आधी तुमचा प्रश्न. ‘कुठले ठेवू आणि कुठले गाळू’ असं विचारताना दोन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत. एक, सण आणि अभ्यास ही तराजूची दोन पारडी आहेत. एकात टाकलं की दुसऱ्यातलं कमी होणार. दोन, सगळ्यांना न्याय द्यायचा तर प्रत्येक सणाला वेगळा दिवस आणि वेगळा फलक द्यायला हवा. या दोन्ही गोष्टी मीही अनेक वर्षं मानत होते. आता मानत नाही.

कार्डशीटचंच घ्या. आदल्या रात्री मापं तुम्ही घेतलीत, घड्या तुम्ही घातल्यात, वाकडा कापला गेलेला कागद तुम्ही बदललात. तुकडा किती मोठा हवा, दोन्ही बाजू सारख्या कशा येतील, हा सगळा विचार तुमच्या डोक्यात झाला. मुलांच्या वाट्याला उरला तो डिंक. म्हणून परीक्षेची काळजी करणाऱ्या पालकांचं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. त्यांच्या मुलांची तासिका खरोखरच चिकटवण्यात गेली. पण तो दोष सणाचा नाही. सणाच्या पोटात जे शिकण्यासारखं होतं ते बाहेरच राहिलं, आणि वर्गात आला तो त्याचा आकार.

न्यायाचंही तसंच. तुम्ही सहा सण घेतले तर सातव्या घरातलं मूल उरतंच. थायलंडचा सोंगक्रान, ज्यूंचा पासोव्हर, फुलं बघायला घराबाहेर पडण्याची जपानी रीत, ही यादी संपणारी नाही. प्रत्येकाला एक तासिका वाटत बसलात तर मे महिना येईल आणि तरीही कुणीतरी दुखावलेलं असेल.

म्हणून मी सुचवते की सण मोजू नका. सगळ्या सणांना लागू पडेल असा एकच प्रश्न घ्या आणि सहा आठवडे तोच धरून ठेवा. हा सण याच दिवशी का येतो?

तिसरीच्या मुलांना हा प्रश्न खरोखर पडतो. वाढदिवस दरवर्षी त्याच तारखेला येतो, मग होळी का नाही येत? बहुतेक वेळा आपण ‘ते पंचांगात असतं’ म्हणून पुढं जातो. तिथंच थांबा. फळ्यावर दोन वर्षं लिहा. २०२४ मध्ये रंग खेळले गेले २५ मार्चला आणि ईस्टर आला ३१ मार्चला. २०२५ मध्ये रंग १४ मार्चला आणि ईस्टर थेट २० एप्रिलला. एका वर्षी दोघांत एका आठवड्याचंही अंतर नाही, दुसऱ्या वर्षी पाच आठवड्यांहून जास्त. का? मुलांना अंदाज बांधू द्या. लगेच उत्तर देऊ नका, दोन दिवस जाऊ द्या.

उत्तर असं आहे. होळी येते फाल्गुनातल्या पौर्णिमेला. ईस्टरचा नियम सांगतो की २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार. २०२४ मध्ये होळीची पौर्णिमा २५ मार्चला होती, म्हणजे २१ मार्चनंतरची. तीच पौर्णिमा दोघांनाही चालली. २०२५ मध्ये पौर्णिमा १४ मार्चला आली. होळीचं भागलं, पण ईस्टरला ती चालेना, कारण २१ तारीख अजून उजाडायची होती. म्हणून ईस्टर पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबला, ती आली १३ एप्रिलला. त्या दिवशी रविवारच होता, पण नियम म्हणतो ‘पुढचा रविवार’, म्हणून २० एप्रिल. हे गणित तिसरीतली मुलं दिनदर्शिका पुढ्यात घेऊन स्वतः सोडवू शकतात. दोन देवळांतले, दोन धर्मांतले दिवस एकाच चंद्राकडे बघून ठरतात, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही, त्यांच्याच बोटाखाली दिसतं.

आता चंद्राची वही. या पत्रातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. होळीच्या संध्याकाळपासून पाडव्यापर्यंत पंधरा-सोळा दिवस असतात. या दिवसांत प्रत्येक मुलानं रोज एक गोल काढायचा आणि चंद्राचा जेवढा भाग उजळ दिसला तेवढा रंगवायचा. बाजूला वेळ आणि दिशा लिहायची. वर्गातली पाच मिनिटं पुरतात. पहिल्या दिवशीचा गृहपाठ सोपा आहे. सूर्य मावळताना त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि समोर चंद्र उगवतोय का ते बघायचं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. त्यानंतर रोज त्याला साधारण पन्नास मिनिटं उशीर होत जातो, म्हणून तीन-चार दिवसांनी मुलं तक्रार घेऊन येतील, ‘बाई, चंद्र दिसतच नाही, आम्ही झोपून जातो.’

ही तक्रार फार मोलाची आहे. ती आली की सांगा, उद्या सकाळी उठल्यावर पश्चिमेकडं बघा. सकाळच्या निळ्या आभाळात फिकट चंद्र सापडल्यावर मुलांचे चेहरे कसे होतात ते मी अनेकदा पाहिलं आहे. चंद्र रात्रीचाच असतो, असं त्यांना आपण गोष्टींतून आणि चित्रांतून शिकवलेलं असतं. आठवड्याभरात अर्धा चंद्र पहाटे दक्षिणेकडं उंचावर दिसतो, मग बारीक होत होत पूर्वेला सरकतो आणि शेवटी एक-दोन दिवस दिसेनासाच होतो. वहीत ते गोल कोरे सोडायचे. मग पाडवा. चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हणजे काय, ते मुलांच्या वहीत आधीच काढलेलं असतं.

ढग आले तर ‘ढग’ असं लिहायचं. शेजाऱ्याचं बघून गोल रंगवायचा नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण वही पूर्ण दिसावी म्हणून मुलं रिकामे गोल भरून टाकतात आणि आपणही नकळत त्याचं कौतुक करतो.

चंद्र का कमी होतो, हे विचारल्यावर वर्गात निम्मी मुलं सांगतील की पृथ्वीची सावली पडते. काही मोठी माणसंही असंच समजतात. खिडक्या लावून घ्या, एक दिवा पेटवा, मुलाच्या हातात चेंडू द्या. दिवा म्हणजे सूर्य, मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी, चेंडू म्हणजे चंद्र. हात लांब करून, चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरून, जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. चेंडूचा उजळ भाग वाढतो, कमी होतो, आणि त्यावर डोक्याची सावली कुठंही पडलेली नसते. प्रत्येक मुलाला स्वतः फिरू द्या. दुसऱ्याला फिरताना बघून हे कळत नाही.

ईदचा धागा इथंच जोडून घ्या. ईद नवी चंद्रकोर दिसण्यावर अवलंबून असते, पाडवा अमावस्येच्या पाठोपाठ येतो. २०२४ मध्ये आणि २०२५ मध्येही हे दोन्ही सण एकाच अमावस्येच्या पाठीवर आले, अवघ्या दिवस-दोन दिवसांच्या अंतरानं. मग ते नेहमीच जवळ का येत नाहीत? बारा चांद्रमास म्हणजे साधारण ३५४ दिवस, आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. वजाबाकी मुलं करतील, ११. तीन वर्षांत किती? ३३, म्हणजे एका महिन्याहून जास्त. आपल्या पंचांगात हा फरक साठत गेला की अधिक महिना घालून भरून काढतात, म्हणून होळी वसंतातच राहते. इस्लामी दिनदर्शिकेत असा महिना घालत नाहीत, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. यावर एक सुंदर गृहपाठ आहे. ओळखीतल्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारायचं, ‘तुम्ही माझ्याएवढे होतात तेव्हा ईद थंडीत यायची की पावसात?’ विचारणारं मूल कुठल्याही घरातलं असू दे, उत्तर ऐकण्यासारखं मिळतं.

या टप्प्यावर फळ्यावर तीन रकाने आखा. सूर्याचे सण, चंद्राचे सण, दोघांचे सण. नवरोज सूर्याचा, कारण दिवस-रात्र समान होतात त्या क्षणी इराणात नवं वर्ष लागतं. बैसाखी आणि सोंगक्रानही सूर्याचेच, म्हणून ते एप्रिलच्या मध्यालाच येतात, फारसे हलत नाहीत. ईद फक्त चंद्राची. होळी, पाडवा, ईस्टर, पासोव्हर हे दोघांचे. तुमचा ‘कुणाचा सण राहिला’ हा प्रश्न इथं आपोआप सुटतो. मूल कुठलाही सण घेऊन आलं तरी त्याला फळ्यावर जागा आहे, आणि ती जागा त्यानं स्वतः शोधायची आहे.

सूर्याच्या रकान्यासाठी मैदानावर जा. २०-२१ मार्चच्या आसपास, ऊन असेल त्या दिवशी, सपाट जागी एक काठी अगदी सरळ उभी करा. सकाळपासून दर अर्ध्या तासानं सावलीच्या टोकावर खडूनं खूण करायची आणि शेजारी वेळ लिहायची. सूर्याकडे बघायचं नाही, फक्त सावलीकडे, हे चार वेळा बजावा. दुपारपर्यंत खुणा जमत जातील. त्या जोडण्याआधी विचारा, या खुणांचा आकार कसा येईल? बहुतेकजण ‘गोल’ म्हणतील, काही ‘चंद्रकोरीसारखा’ म्हणतील. मग दोरी धरून खुणा जोडा. त्या दिवसांत ती रेघ सरळ येते. महिन्याभरानं, एप्रिलच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेला, त्याच काठीनं पुन्हा करा. रेघ वाकलेली असेल. ‘वसंत’ हा शब्द पुस्तकात आपण फुलं आणि कोकिळेनं समजावतो, पण ऋतू बदलतो म्हणजे आभाळात काय बदलतं, ते या दोन रेघांत आहे. तासिका म्हणाल तर यात मोजमाप आलं, वेळ वाचणं आलं, दिशा आल्या. पालकांना सांगताना हेच शब्द वापरा.

रंगांबद्दल थोडक्यात. अंगाला रंग लावण्याचा उपक्रम वर्गात नकोच. कुणाच्या त्वचेला काय चालतं ते आपल्याला माहीत नसतं, आणि काही घरांना ते आवडतही नाही. रंग कागदावर आणा. काळ्या स्केचपेनचा ठिपका टीपकागदाच्या पट्टीवर काढा, पट्टीचं खालचं टोक पाण्यात बुडवा, ठिपका पाण्याच्या वर राहू द्या. पाणी चढतं तसा काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा रंग सुटतो. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा आणि साबणाच्या पाण्यानं त्यावर लिहा, अक्षरं लाल उमटतात. लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळी. आणि ईस्टरच्या दिवसांत युक्रेनमध्ये अंड्यांवर मेणानं नक्षी काढून मग ती रंगात बुडवतात, तेच तत्त्व पांढऱ्या मेणखडूनं आणि जलरंगानं कागदावर दिसतं. मेणावर पाणी चढत नाही, म्हणून लपलेलं चित्र वर येतं. तिन्हींना मिळून दोन तासिका पुरतात.

नवरोजच्या ताटाचा एक खेळ मराठीच्या तासाला फार रंगतो. इराणात त्या दिवशी ‘सीन’ म्हणजे फारसीतल्या ‘स’ या अक्षरानं सुरू होणाऱ्या सात वस्तू मांडतात. मुलांच्या गटांना एकेक अक्षर द्या आणि दप्तरातल्या, वर्गातल्या सात वस्तू शोधायला सांगा. ‘स’ सोपा आहे. ‘ण’ मिळालेला गट लवकरच येऊन सांगेल की हे अन्यायाचं आहे. तिथून ‘ण’नं शब्द का सुरू होत नाही, हा वेगळाच तास सुरू होतो.

जपानी लोकांचं फुलं बघणंही सोडू नका. क्योतो शहरात चेरी कधी फुलली याच्या नोंदी बाराशे वर्षांपासून सापडतात. २०२१ मध्ये तिथं पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या एवढ्या जुन्या नोंदींमधला तो सर्वांत लवकरचा. तुमच्या शाळेच्या आवारातलं एक झाड निवडा. पहिलं कोवळं पान, पहिलं फूल, पहिलं फळ, एवढ्या तीन तारखा एका जाड वहीत लिहा आणि ती वही पुढच्या तिसरीच्या हाती द्या. तुलना करायला दोन वर्षं लागतील. लागू द्यात.

आता ती मुलगी. त्याआधी माझी एक चूक सांगते. शिकवायला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या एका मुलाला उभं केलं आणि म्हटलं, ‘तुमच्या सणाची माहिती सगळ्यांना सांग.’ माझा हेतू चांगला होता. तो मुलगा आठ वर्षांचा. त्याला नवे कपडे ठाऊक होते, मामाकडं गेल्याचं ठाऊक होतं. मी विचारत होते त्यातलं त्याला काही येत नव्हतं, आणि ‘तुमच्या’ या माझ्या शब्दानं तो बाकीच्या सगळ्यांपासून वेगळा उभा राहिला होता. तो रडला नाही, पण उरलेलं वर्षभर त्यानं माझ्या तासाला हात वर केला नाही. तेव्हापासून मी कुठल्याही मुलाला त्याच्या धर्माचा प्रतिनिधी केलं नाही. सांगायचं असेल तर प्रत्येकानं आपल्या घरातला एक दिवस सांगायचा, आणि ‘आमच्यात’ऐवजी ‘आमच्या घरी’ म्हणायचं.

पासोव्हरची एक रीत इथं मला कायम आठवते. त्या रात्री जेवणाआधी घरातल्या सर्वांत लहान मुलानं विचारायचं असतं, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? मोठ्यांनी उत्तर द्यायचं. वर्गातही तसंच करावं. सण माहीत असलेल्या मुलानं माहिती सांगायची नाही, माहीत नसलेल्यांनी प्रश्न लिहायचे. चिठ्ठ्या एका डब्यात टाका, आणि उत्तरं शोधायचं काम तुमचं आणि त्यांचं मिळून.

त्या आईशी बोला. वहीतून नको, समोर बसून. तिची भीती खरी मानून बोला. दुसऱ्याच्या पूजेत आपल्या मुलीला उभं करतील, ही ती भीती असावी, आणि वर्गात आरती, प्रार्थना किंवा प्रसाद असेल तर ती भीती अनाठायी म्हणता येणार नाही. तिला असं काहीसं सांगता येईल, ‘आम्ही वर्गात कुठलाच सण साजरा करत नाही. तो कधी येतो, का हलतो, त्यातले रंग कसे होतात, एवढं बघतो. कुणाला नमस्कार करायला, काही खायला किंवा काही म्हणायला लावत नाही. एकदा येऊन बघा.’ आणि मग हे शब्द खरे ठरतील असाच उपक्रम ठेवा. ज्या कामातून एखाद्या मुलाला बाहेर बसवावं लागेल ते काम वर्गाचं नव्हे. चंद्राच्या वहीतून कुणालाही उठावं लागत नाही. एवढं सांगूनही ती नको म्हणाली तर तिचं ऐका, पण मुलीला मागच्या बाकावर पाठवू नका; तिच्या गटालाच त्या दिवशी दुसरं काही काम द्या, म्हणजे ती एकटी उरणार नाही.

शाळेच्या फलकाची चिंता सगळ्यांत कमी करा. मुख्याध्यापकांना फलक भरलेला हवा आहे, कार्डशीटचाच हवा असा त्यांचा हट्ट तुमच्या पत्रात तरी दिसत नाही. ३२ वह्यांतले सोळा दिवसांचे चंद्र एका ओळीत लावा, ढगांच्या कोऱ्या गोलांसकट. खाली मुलांनी विचारलेले प्रश्न, त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच चुकांसह. फोटोही छान येईल. शाळेनं तरीही प्रत्येक सणाचा वेगळा तुकडा मागितला, तर तीन रकान्यांचा तक्ता मोठ्या कागदावर करून द्या. त्यात सगळे सण आहेतच.

आणि रात्री कात्री हातात घेऊ नका. कापायचं असेल ते मुलं वर्गात कापतील, वाकडं कापतील, पुन्हा मोजतील.

सावलीच्या दिवशी काठी आदल्या संध्याकाळीच रोवून ठेवा, सकाळी घाई होते. पहिली खूण करायला खडू त्या मुलीच्या हातात द्या.